‘शेडिंग’ला छायांकन म्हणावे का? छाया, छटा, उठाव आणि एक सोंगटी

पिक्सेल आर्ट, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर लहान चौकोन एकेक करून भरत चित्र काढण्याची कला, नव्याने शिकू लागलेल्या एका वाचकाने तीन शब्दांविषयी विचारणा केली आहे. शिकता शिकता ते मराठीत टिपणे काढत आहेत आणि त्यांत ‘शेडिंग’साठी ‘छायांकन’, ‘स्प्राइट’साठी, म्हणजे संगणकीय खेळातील हलत्या आकृतीसाठी, ‘चित्रघटक’ आणि ‘पिलो शेडिंग’ या नवशिक्यांच्या ठरलेल्या चुकीसाठी ‘उशी-छायांकन’ असे शब्द त्यांनी योजले आहेत. शेवटचा शब्द वाचून त्यांच्या मैत्रिणीला हसू आवरले नाही, तेव्हा हे शब्द चालतील का आणि चालणार नसतील तर मराठीत काय म्हणावे, असा त्यांचा प्रश्न आहे. हसू येणे स्वाभाविक आहे. पण माझ्या मते खरी अडचण उशीत नसून छायांकनात आहे, म्हणून तेथूनच आरंभ करतो.

‘छायांकन’ हा शब्द घडणीच्या दृष्टीने निर्दोष आहे आणि रेखांकन, मूल्यांकन, नामांकन यांच्या पंगतीत तो सहज बसतो. मात्र त्याची जागा आधीच भरलेली आहे. छायाचित्र, छायाचित्रकार, छायाचित्रण या शब्दांमुळे मराठीत ‘छाया’ने सुरू होणारी बरीच जोडनावे कॅमेऱ्याच्या घरी नांदायला गेली आहेत, आणि चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ‘छायांकन’ हा शब्द दिसला की त्यापुढे कॅमेरा सांभाळणाऱ्याचे नाव असणार हे आपण गृहीतच धरतो. ‘मी या चित्राचे छायांकन केले’ असे वाक्य वाचणाऱ्याला तुम्ही चित्राचा फोटो काढलात असे वाटले, तर त्याला दोष देता येणार नाही.

दुसरी अडचण याहून खोल आहे. इंग्रजीतील ‘शेड’ या एका शब्दात उन्हापासून मिळणारा आडोसा, वस्तूची प्रकाशाकडे पाठ असलेली बाजू आणि एकाच रंगाचे गडद-फिकट प्रकार, असे तीन अर्थ एकत्र राहतात. मराठीने ही वाटणी केव्हाच करून टाकली आहे. झाडाखाली आपण सावलीत बसतो. वस्तूच्या स्वतःच्या अंगावर जो काळोख उतरतो ती छाया. वस्तूमुळे भिंतीवर किंवा जमिनीवर जी आकृती उमटते ती पडछाया. आणि रंगातला बारीक फरक म्हणजे छटा, जी पुढे शब्दांच्या क्षेत्रात शिरून ‘अर्थच्छटा’ झाली. बोलताना सावली, छाया आणि पडछाया यांची सरमिसळ होते हे मान्य. पण चित्र शिकणाऱ्याने हा भेद मुद्दाम पाळावा, कारण अंगावरची छाया आणि जमिनीवरची पडछाया ही दोन वेगळी कामे आहेत. पहिलीमुळे वस्तूला गोलाई येते, तर दुसरीमुळे वस्तू हवेत तरंगत नसून कशावर तरी टेकली आहे हे कळते.

येथे क्रियापदाकडेही लक्ष द्यावे. चित्रकलेच्या वर्गात विद्यार्थी सर्रास ‘शेड मारली’ असे म्हणतात, जसा भिंतीला रंग मारतात तसे. मारायची वस्तू हाताशी असली की ती कोठेही मारता येते. मराठीतील छाया मात्र मारता येत नाही. ती पडते, आणि पडायची म्हटली की ती कोणत्या उजेडामुळे पडली हा प्रश्न आपोआप उभा राहतो. ‘पिलो शेडिंग’ ही चूक नेमकी हा प्रश्न न विचारल्यामुळे होते.

समजा, १६ बाय १६ घरांत, म्हणजे पिक्सेलांत, आपण मातीचा माठ काढत आहोत. नवशिका आधी बाह्यरेषा काढतो, आत विटकरी रंग भरतो, मग बाह्यरेषेला लागून सगळीकडून गडद रंगाची एक कड फिरवतो, तिच्या आत थोडी फिकट कड, आणि अगदी मधोमध एक उजळ ठिपका ठेवतो. परिणामी माठ गोल न दिसता फुगलेला, शिवणीवर आत दबलेला आणि मध्ये कापूस भरल्यासारखा दिसतो. इंग्रजीतील उशी आली ती येथून. या चित्रात उजेड कोणत्याही बाजूने येत नाही, छायेची जागा फक्त बाह्यरेषेने ठरवलेली असते. उजेड डावीकडून वरून येतो असे एकदा ठरवले, की उजळ जागा माठाच्या डाव्या खांद्यावर सरकते, छाया उजव्या पोटाखाली चंद्रकोरीसारखी वळते, गळ्याची पडछाया खांद्यावर उतरते, आणि अगदी उजव्या काठावर जमिनीवरून परतलेल्या उजेडाची एक-दोन घरे किंचित फिकट ठेवता येतात. घरांची संख्या तेवढीच, रंगही तेवढेच, आणि तरी माठात पाणी भरता येईल असे वाटू लागते.

म्हणून या चुकीचे नाव परिणामावरून ठेवण्यापेक्षा कारणावरून ठेवावे असे मला वाटते. छाया उजेडाच्या नव्हे तर काठाच्या हुकमाने पडली, तेव्हा तिला ‘काठछाया’ म्हणावे. ‘ही काठछाया झाली’ असे म्हणताच काय बिघडले ते ऐकणाऱ्याला कळते, आणि कोणाला हसूही येणार नाही.

आता मूळ शब्दाकडे. शेडिंगच्या क्रियेसाठी मराठीत एक तयार, घरचा शब्द आहे आणि तो मराठी शाळेत चित्रकला शिकलेल्या बहुतेकांनी ऐकलेला असतो: उठाव. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांसाठी वस्तुचित्राचा सराव करताना ‘आकार बरोबर आहे, पण उठाव येत नाही’ हे वाक्य किती पिढ्यांनी ऐकले असेल, याची गणती नाही. सपाट कागदावरची वस्तू कागदातून वर आल्यासारखी वाटणे म्हणजे उठाव, आणि शेडिंगचा सारा खटाटोप त्यासाठीच असतो. या शब्दाला इतर व्याप आहेत हे खरे: १८५७ चा उठाव असतो, आणि बाजारात मालाला उठाव नसतो. पण संदर्भाने अर्थ वेगळा होत असल्याने चित्राच्या वहीत बंडाचा भास होण्याची भीती नाही. क्रियेला ‘उठाव देणे’, उजेड कोठून आणि छाया कोठे या योजनेला ‘छायाप्रकाश’, आणि त्यासाठी वापरलेल्या रंगांना ‘छटा’, अशी तिहेरी वाटणी मी सुचवीन. एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द हवा हा हट्ट सोडला, तर टिपणे अधिक नेमकी होतात.

छटांच्या बाबतीत मराठी या कलेला कशी अनुकूल आहे हे थोडे विस्ताराने सांगण्याचा मोह होतो. पिक्सेल आर्टमध्ये रंग मोजून घेतात; माठासाठी चार किंवा पाच, संपूर्ण चित्रासाठी सोळा, असे बंधन कलाकार स्वतःवर घालून घेतात. एका वस्तूच्या उजळ टोकापासून गडद टोकापर्यंत ठरवलेल्या रंगांच्या रांगेला इंग्रजीत ‘रॅम्प’ म्हणतात. मी तिला ‘रंगांची उतरंड’ म्हणतो, कारण मडक्यावर मडके रचावे तसा एकेक रंग दुसऱ्यावर बसलेला असतो. नवशिका ही उतरंड मूळ रंगात पांढरा आणि काळा मिसळून रचतो, आणि ती निर्जीव दिसते. सरावलेला कलाकार गडद होताना रंगही किंचित सरकवतो: उजेडाकडे पिवळ्याच्या बाजूला, छायेकडे निळ्या-जांभळ्याच्या बाजूला. इंग्रजीत याला ‘ह्यू शिफ्टिंग’ म्हणतात. मराठीत हा फरक प्रत्ययांनीच दाखवता येतो. काळा मिसळलेला लाल ‘काळपट’ होतो. छायेत सरकलेला लाल ‘जांभळट’ होतो. ‘काळपट नको, जांभळट हवा’ एवढ्या चार शब्दांत हा धडा संपतो. पिवळसर आणि पिवळट, तांबडा आणि तांबूस, पांढरा आणि पांढुरका यांतील भेद करणाऱ्या भाषेला या कामी उसनवारी करण्याची गरज नाही.

त्याहूनही पुढे जाता येते. साडीच्या दुकानात कानावर पडणारी नावे आठवा: अबोली, डाळिंबी, आमसुली. ही तीन नावे याच क्रमाने ठेवली, की फिकट नारिंगी गुलाबीकडून गर्द लालाकडे आणि तेथून जवळजवळ काळ्या जांभळ्याकडे जाणारी उत्तम उतरंड तयार होते, जिच्यात गडदपणा आणि रंग दोन्ही सरकतात. पानांसाठी पोपटी, हिरवा आणि छायेत मोरपिशी घेऊन पाहावे. पॅलेटमधील रंगांना आकड्यांऐवजी ही नावे दिली तर निवड लवकर होते, असा माझा अनुभव आहे.

‘स्प्राइट’ची गोष्ट निराळी. हा शब्द ऐकताच बहुतेकांना शीतपेय आठवते, पण इंग्रजीत त्याचा जुना अर्थ परी, भूत, वाऱ्यावर वावरणारा जीव असा आहे. लॅटिन ‘स्पिरिटस’ फ्रेंचमार्गे इंग्रजीत येऊन त्याचे हे रूप झाले. संगणकाच्या संदर्भात तो १९७० च्या दशकाच्या अखेरीस टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएमएस ९९१८ या चिपमुळे रूढ झाला. ही चिप पार्श्वभूमीचे चित्र न पुसता त्याच्यावर ३२ लहान आकृत्या फिरवू शकत असे, प्रत्येक आकृती एकाच रंगाची आणि एका आडव्या ओळीत जास्तीत जास्त चार. चित्रावर तरंगणाऱ्या, मागचे काही न बिघडवणाऱ्या या आकृत्यांना भुताखेताचे नाव शोभते. अटारीने आपल्या संगणकांत याच सोयीला खेळाडू आणि क्षेपणास्त्र अशा अर्थाचे नाव दिले होते, म्हणजे खुद्द इंग्रजीतही हा शब्द अटळ नव्हता.

‘चित्रघटक’ मला पटत नाही, कारण चित्रातील कोणतीही गोष्ट चित्राचा घटकच असते. ढग, जमीन, झाड, सारे काही. स्प्राइटचे वैशिष्ट्य हे की ती पटापासून वेगळी असते, पटावरून हलते आणि ती हलली तरी पट जसाच्या तसा राहतो. सारीपाट खेळणाऱ्या भाषेत अशा वस्तूला एक नाव आहे: सोंगटी. सोंगटी उचलली की खालचे घर पूर्वीसारखेच दिसते, आणि निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉम या खेळयंत्रावर हेच घडत असे. दशावताराच्या प्रेमामुळे ‘सोंग’ म्हणावे असाही एक मोह मला झाला होता, तो आवरला.

सोंगटीच्या रचनेविषयी एक उदाहरण देतो, कारण उठाव कधी सोडावा हेही त्यातून कळते. फॅमिकॉमवर एका सोंगटीला तीनच रंग मिळत. चौथी जागा पारदर्शक भागासाठी राखीव असे. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळातील लहान मारिओ याच तीन रंगांत बसवलेला आहे, आणि टोपी, कातडी व केस यांतच ते संपल्यावर छायेसाठी काही उरत नाही. त्याआधी १९८१ च्या डाँकी काँग या खेळासाठी ही आकृती घडवताना निन्टेन्डोचे खेळ-रचनाकार शिगेरू मियामोतो यांनी नाक ठळक दिसावे आणि तोंड काढावे लागू नये म्हणून मिशी दिली, केसांची हालचाल दाखवणे टळावे म्हणून टोपी घातली, आणि हात अंगापासून वेगळे दिसावेत म्हणून खांद्यावर पट्टे येणारी डंगरी चढवली. छाया नसतानाही आकृती ओळखू येते ती या युक्त्यांमुळे. नवशिक्याने सोंगटी आधी एकाच काळ्या रंगात भरून पाहावी. ती ओळखू आली नाही तर कितीही उठाव दिला तरी उपयोग होत नाही.

‘पिक्सेल’ तसाच ठेवावा. ‘पिक्चर एलिमेंट’ आखडून झालेला हा शब्द जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतील फ्रेडरिक बिलिंग्जली यांच्या १९६५ मधील लेखनात प्रथम छापला गेला आणि आता तो आपल्या फोनसोबत घराघरांत पोहोचला आहे. ‘चित्रबिंदू’ हा पर्याय अधूनमधून वाचनात येतो; परंतु या कलेत पिक्सेल हा बिंदू नसून चौकोन असतो, त्याला चार कडा असतात आणि त्या दिसतात. वाक्यात बदल हवा असेल तेव्हा ‘घर’ म्हणावे, बुद्धिबळाच्या पटावर म्हणतो तसे. चित्रकार सुसान केअर यांनी १९८४ च्या ॲपल मॅकिंटॉश संगणकाची चित्रचिन्हे (आयकॉन) ३२ बाय ३२ घरांच्या आलेख कागदावर घरे भरूनच काढली, आणि त्याआधी त्यांना भरतकामाचा सराव होता. दुसुतीवर फुलीच्या टाक्याने मोर भरलेल्या आपल्या आज्यांना हे काम अनोळखी वाटले नसते: तेथेही सहसा फुली पूर्णच भरतात, आणि एका फुलीला एकच रंग देतात.

इतर शब्द थोडक्यात. तिरक्या रेषेला पायऱ्या पडतात त्या कडेला ‘दातेरी कड’ म्हणावे. करवतीच्या पानासाठी आणि झाडांच्या पानांसाठी हा शब्द आहेच. दोन रंगांची घरे आलटून पालटून ठेवून तिसऱ्या छटेचा भास करतात ते ‘डिदरिंग’. त्याचा मूळ इंग्रजी अर्थ थरथरणे असा आहे, पण थरथर येथे आणू नये. चौकटींच्या कापडाला आपण ‘चौकडी’ म्हणतो, तोच शब्द या नक्षीला लावावा.

राहिला लिंगाचा प्रश्न, जो या वाचकाने विचारलेला नाही पण टिपणांत जागोजागी अडखळवतो. त्यांनी एके ठिकाणी ‘तो स्प्राइट’, दुसरीकडे ‘ते स्प्राइट’ लिहिले आहे, आणि वर मी स्वतः तिला स्त्रीलिंगी करून मोकळा झालो आहे. इंग्रजी शब्द ठेवायचा असल्यास ‘ते स्प्राइट’ हे एक रूप पक्के करावे; सोंगटी घेतली तर ती सोंगटी, त्या सोंगट्या, सोंगटीची पडछाया, सोंगट्यांना उठाव, अशी सर्व रूपे विनासायास मिळतात.