‘सैराट’ पाहिल्यापासून मन थाऱ्यावर नाही, काय करावं?

तुम्ही विचारलंय की ‘सैराट’ पाहून बरेच दिवस झाले तरी शेवट डोळ्यांसमोरून हलत नाही, यातून बाहेर कसं यायचं, आणि सोळा वर्षांच्या मुलीला तो दाखवावा का.

बाहेर यायची घाई करू नका. २०१६ साली हा चित्रपट आला तेव्हा आमच्याकडे गोव्यातही त्यातलं ‘झिंगाट’ गाणं लागल्यावर पोरं खुर्च्या सोडून नाचत होती. शेवटी दिवे लागले तरी तीच पोरं जागची उठेनात. मन इतकं हलतं ते उगाच नाही.

मला त्यातलं रक्तापेक्षा चहाचं जास्त लागतं. जातीबाहेर लग्न करून घर सोडलेल्या आर्चीने आईला फोन केलेला असतो. मग भाऊ प्रिन्स माणसं घेऊन हैदराबादला दारात येतो, माहेरून पाठवलेल्या वस्तूंसकट. ती आत जाऊन चहा टाकते. माहेर परत मिळालं असं वाटून लगबगीने टाकलेला तो चहा! नंतर शेजारीण बाळाला आणून सोडते, ते आत मारून टाकलेले आईबाप बघतं, रडत बाहेर येतं आणि लादीवर त्याची पावलं उमटतात. तिथे दिग्दर्शक नागराज मंजुळे सगळा आवाजच काढून घेतात, आपल्याला रडायलासुद्धा आडोसा ठेवत नाहीत. हा शेवट अचानक आला असं अनेकांना वाटतं. मला तो वर्गातच सुरू झालेला दिसतो, प्रिन्स शिकवणाऱ्या लोखंडे सरांच्या कानाखाली मारतो आणि त्याला कुणी जाब विचारत नाही तेव्हा.

‘आमच्या गोव्यात असलं काही होत नाही’ हे मी खूपदा ऐकलंय. कोयते निघत नाहीत, हे खरं. पोर्तुगीज काळापासून इथे धर्म कुठलाही असो, लग्नाची नोंद एकाच कायद्याने होते आणि तो कायदा जात विचारत नाही. जात घर विचारतं. माझ्या मावसबहिणीने जातीबाहेर लग्न केलं. कुणी आवाजसुद्धा चढवला नाही. फक्त चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तिला बोलावणं गेलं नाही, ना त्या वर्षी, ना पुढे. गोव्यात चवथीला घरी न बोलावणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. मावशी शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराचं निमित्त काढून डिचोलीहून निघायची आणि केळीवाल्यांच्या ओळीत लेकीला भेटायची. सोलांची (कोकमाची) पुडी, घरचे मानकुराद आंबे, एकदा नातवासाठी शिवलेलं झबलं. काकांना सगळं ठाऊक होतं. ते विचारायचे नाहीत, मावशी सांगायची नाही. आईने आपल्याच मुलीला चोरून भेटायचं, यात मला प्रिन्सच्याच घरातली रीत दिसते, फक्त हत्याराशिवाय.

म्हणून त्या अस्वस्थपणाला कामाला लावा. तुमच्या नात्यात अशी तुटलेली एखादी मुलगी असेलच. तिला फोन करा, सणाला घरी बोलवा, नवऱ्यासकट. आणि कुणाच्या जिवाला खरोखर धोका असेल तर एवढं माहीत असू द्या: सज्ञान जोडप्याने लग्न करायला घरच्यांची किंवा जातीची संमती लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये शक्ती वाहिनी या संस्थेच्या खटल्यात स्पष्ट सांगितलंय. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष उभारायचे आदेशही त्याच निकालात आहेत. तातडीला ११२ वर फोन करा.

मुलीला जरूर दाखवा, पण एकटीला नको, शेजारी बसा. शेवट झाल्या झाल्या ‘चल, जेवायला’ म्हणून उठू नका. ‘मी असं केलं तर बाबा काय करतील?’ हे ती विचारणार, त्याच दिवशी नाही तर चार दिवसांनी. त्याचं उत्तर तुम्ही दोघांनी आधी आपसात बोलून ठेवा.