लष्कराने विकलेला जुना एसईई ट्रॅक्टर घेतलाय, बरीच वर्षं उभा होता. मागचा बॅकहो (खोदकामाचा हात) काढून टाकू का?

लगेच नको. एसईई (स्मॉल एम्प्लेसमेंट एक्सकॅव्हेटर) म्हणजे अमेरिकी लष्करासाठी मर्सिडीज-बेंझच्या उनिमॉग ४१९ या ट्रकवर बांधलेलं यंत्र, पुढे माती उचलणारा लोडर आणि मागे बॅकहो. लोडरची बकेट भरली की तोल मागचं वजनच सांभाळतं. बॅकहो काढलाच तर तेवढं वजन मागे बसवा, नाहीतर उतारावर ब्रेक मारल्यावर मागची चाकं हलकी पडतील.

आधी हायड्रॉलिक होस, म्हणजे दाबाखालचं तेल नेणाऱ्या रबरी नळ्या, बघा. होस हाताने वाकवा. रबरावर बारीक भेगा उघडल्या की तो बदलायचाच, बाहेरून कितीही चांगला दिसो. गळती शोधताना बोट कधीही फिरवू नका, पुठ्ठा फिरवा. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून येणारं तेल कातडीत घुसतं, सुरुवातीला दुखतही नाही, आणि पुढे बोट कापायची वेळ येते. हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

पोर्टल ॲक्सल (चाकाच्या मध्यापेक्षा उंच बसवलेला ॲक्सल) असल्यामुळे चारही चाकांच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, वेगळे गिअर आणि वेगळं तेल असतं. डिफरन्शियलचं (ॲक्सलच्या मधल्या गिअरपेटीचं) तेल बदललं म्हणजे काम झालं असं समजून बरेच जण हे विसरतात. तेल दुधाळ निघालं तर आत पाणी शिरलंय, सील बदला.

वायरिंग २४ व्होल्टचं आहे. रेडिओ किंवा जादा दिव्यांसाठी दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेऊ नका, दोन्ही बॅटऱ्या असमान चार्ज होऊन लवकर मरतात. २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लावा.