व्याजदर उतरण्याची वाट पाहावी का?

प्रश्न : वर्तकनगरचा वन बीएचके फ्लॅट विकून कासारवडवलीला टू बीएचके घेण्याचा आमचा विचार आहे. सुमारे 50 लाखांचे कर्ज लागेल. व्याजदर आणखी उतरेपर्यंत थांबावे, असे मुलाचे म्हणणे आहे. आमचा फ्लॅट पाहून गेलेले ग्राहकही ‘दर उतरले की बोलू’ म्हणतात. काय करावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण विकणारेही आहात आणि घेणारेही. म्हणूनच थांबणे आपल्याला महागात पडण्याची शक्यता अधिक आहे. समजा, आपला फ्लॅट 75 लाखांना जाणार आहे आणि नवा सव्वा कोटीला मिळणार आहे. दर उतरल्यामुळे ग्राहक वाढले आणि दोन्हीकडचे भाव 5 टक्क्यांनी चढले, तर आपल्या हाती पावणेचार लाख जास्त येतील, पण द्यावे लागतील सव्वासहा लाख. शिवाय ठाण्यात मेट्रो अधिभारासह 7 टक्के मुद्रांक शुल्क (घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास 1 टक्का कमी) त्या वाढीव किमतीवरही भरावे लागेल. याउलट 50 लाखांच्या 20 वर्षांच्या कर्जाचा दर साडेआठवरून आठ टक्क्यांवर आला, तर हप्ता 43,391 रुपयांवरून 41,822 रुपयांवर येतो, म्हणजे महिन्याला सुमारे दीड हजार वाचतात.

आणि ही बचत आज कर्ज घेऊनही मिळू शकते. ऑक्टोबर 2019 पासून बँकांना नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपो दरासारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने अल्प मुदतीचे कर्ज देते, त्या दरासारख्या) बाहेरच्या मानकाशी जोडावी लागतात आणि किमान तीन महिन्यांतून एकदा दराचा फेरआढावा घ्यावा लागतो. 2025 च्या सुरुवातीला 6.50 टक्के असलेला रेपो दर त्या वर्षाच्या डिसेंबरात 5.25 टक्क्यांवर आला, तेव्हा अशा जुन्या कर्जदारांनाही कपातीचा लाभ मिळाला. व्याजदर पुढे बदलत राहतो, करारात लिहिलेली किंमत मात्र बदलत नाही. म्हणून आपला सारा जोर घासाघीस करून किंमत उतरवण्यावर असावा, आणि ग्राहक दराच्या आशेने थबकलेले असताना तेच अधिक साधते.

आपल्याकडे येणाऱ्या ग्राहकालाही हेच आकडे कागदावर मांडून दाखवावेत. ‘दर उतरले की बोलू’ असे म्हणणाऱ्याला पुष्कळदा किंमत कमी करून हवी असते. त्याला थोडी सवलत देऊन व्यवहार पुरा करणे, उद्याच्या कपातीच्या भरवशावर भाव चढवून बसण्यापेक्षा माझ्या मते कितीतरी शहाणपणाचे आहे. मात्र विक्रीचे पैसे हाती येण्याच्या आणि नव्या घराचे पैसे भरण्याच्या तारखा जुळवूनच दोन्ही करार करावेत.

मुलाचे म्हणणे एका बाबतीत रास्त ठरेल. आजच्या दराने येणारा हप्ता घरखर्च सांभाळून झेपत नसेल, तर पुढे दर उतरेल या आशेवर कर्ज मुळीच काढू नये, कारण दर चढले तर बँक हप्ता तरी वाढवते किंवा मुदत तरी. गृहवित्त कंपनीकडून कर्ज घेणार असाल, तर वरचा नियम तिला लागू नाही. तेव्हा दर कशाशी जोडलेला आहे आणि किती महिन्यांनी बदलतो, हे मंजुरीपत्रात वाचूनच सही करावी.