भाच्याचं ५२९ आणि तुमचं रिकामं ४०१(के)

प्रश्न : शिकागोत नोकरी करतो, अविवाहित आहे, पगार वर्षाला १,१०,००० डॉलर. नेपरव्हिलच्या ताईनं तिच्या तीन वर्षांच्या मुलासाठी ब्राइट स्टार्ट या इलिनॉय राज्याच्या योजनेत ५२९ खातं (शिक्षणासाठी करसवलतीची बचत) उघडलंय. त्यात मी दरवर्षी १०,००० भरले तर मला करात सूट मिळेल का? महिना ५०० डॉलरची आययूएल पॉलिसी (शेअर निर्देशांकाशी जोडलेला आयुर्विमा) दोन वर्षं चालू आहे, त्यामुळे ४०१(के), म्हणजे कंपनीमार्फतचं निवृत्ती बचत खातं, सुरू करणं राहिलंय. कंपनी पगाराच्या ६ टक्क्यांपर्यंत निम्मी भर घालते.

उत्तर : फेडरल करात एका सेंटचीही नाही. इलिनॉयच्या करात मिळेल, खातं ताईचं असलं तरी. १०,००० पर्यंत वजावट, दर ४.९५ टक्के, म्हणजे वाचले ५०० डॉलर.

आणि हे ५०० मिळवायला निघालेले तुम्ही दरवर्षी ३,३०० सोडून देताय! ४०१(के) मध्ये ६,६०० भरलेत की हे ३,३०० कंपनी घालणार. वर फेडरल २२ टक्के आणि राज्याचा मिळून १,७५० च्या आसपास कर आज वाचतो. पाच हजार डॉलर झाले हे.

आता ती आययूएल. तुमच्या पगारावर कुणाचंही घर चालत नाही, मग आयुर्विमा कुणासाठी घेतलात? ‘तोटा कधीच नाही, १२ टक्के सहज’ असं मंडळातल्या ओळखीच्या एजंटनं सांगितलं म्हणता. बाजार चढला की परताव्याला वरून मर्यादा, शेअरचा लाभांश त्यात धरत नाहीत, आणि बाजार पडला त्या वर्षीही विम्याचा खर्च कापला जातोच. १२ टक्के विसरा. भरले १२,०००, आज सोडली तर तुमच्याच पत्राप्रमाणे हातात ३,०००. सरेंडर चार्ज, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्याचा दंड, बहुतेक पॉलिसींत दहा-पंधरा वर्षं पिच्छा सोडत नाही. तो संपायची वाट बघत आणखी हप्ते घालू नका. नऊ हजार बुडाले. एजंट ‘आत्ता सोडू नका’ म्हणेल, म्हणू दे.

हप्त्याचे ५०० सुटले. ४०१(के) मुळे हातात येणारा पगार महिना ४०० नं कमी होईल. उरले १००, ते भाच्याला खुशाल द्या. वर्षाच्या १,२०० वर ६० डॉलर कर वाचेल. एकदम १०,००० चा विचार सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडल्यावर. ५२९ ला या वर्षासाठी ३१ डिसेंबरपर्यंत वेळ आहे, ४०१(के) चा फॉर्म मात्र याच आठवड्यात भरा.