दासोह चालवणाऱ्या ट्रस्टवर मुलीने जावं का?

सोलापूरच्या बाळीवेस भागातल्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी एम.कॉम. झाली आहे, सीएच्या ऑफिसात नोकरीला आहे. समाजाच्या ट्रस्टवर तिला विश्वस्त म्हणून घ्यायचं चाललंय. ट्रस्टचा रोजचा दासोह, म्हणजे येईल त्याला मोफत जेवण, आहे, अक्कलकोट-मंगळवेढ्याकडच्या मुलींसाठी वसतिगृह आहे, गरजूंना औषधपाण्याची मदतही होते. वडील विचारतात, "पगार नाही, मग करिअरला उपयोग काय? आणि नाही म्हटलं तर समाजात कसं दिसेल?"

नमस्कार. समाजात कसं दिसेल, एवढ्यासाठी होकार देऊ नका. हार-तुरे पहिल्या दिवसापुरते, त्यापुढे सगळं सहीचं काम असतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे दरवर्षी हिशेबांचं ऑडिट करून घ्यावं लागतं. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. जागा विकायची किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी हवी.

हे मी ठेच लागल्यावर शिकलो. तिशीत एका ट्रस्टवर होतो. बैठक संपली की चहाबरोबर इतिवृत्ताची वही फिरायची. सगळे करायचे, मीही सही केली. दीड वर्षाने कळलं की त्या पानावर सभागृह पाच वर्षांसाठी एका पदाधिकाऱ्याच्या नातेवाइकाला देण्याचा ठराव होता, परवानगी न घेताच. मग खुलासे देत धर्मादाय कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या. ठराव मी वाचला नव्हता, पण खाली सही माझी होती.

तरीही मी म्हणेन, मुलीला जाऊ द्या. ऑफिसात ती दुसऱ्यांनी लिहिलेले हिशेब तपासते. इथे एखादा खर्च करायचा की नाही, हे तिला ठरवावं लागेल: वसतिगृहाचं छत आधी, की मंदिराचा रंग? वडीलधाऱ्यांसमोर, त्यांचा मान राखून, "दानपेटी उघडली तेव्हा मोजणीला कोण कोण होतं?" हे विचारायला ती शिकेल. पुढे कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे समाजकार्यावर खर्च करणाऱ्या, विभागात किंवा मोठ्या सामाजिक संस्थेत जायचं झालं, तर हा अनुभव मुलाखतीत मोलाचा ठरतो. पूर्णवेळ याच क्षेत्रात यावंसं वाटलं, तर टाटा समाजविज्ञान संस्थेचं केंद्र जवळच तुळजापूरला आहे. मात्र नोकरी आत्ता सोडू नये.

एक गोष्ट आजच विचारा. या ट्रस्टचं ऑडिट तिच्याच सीएंकडे आहे का? असेल तर तिने दोन्हीकडे राहू नये. कितीही प्रामाणिक असली तरी आपल्याच घरचा हिशेब आपणच तपासल्यासारखं होईल, आणि बोट तिच्याकडेच दाखवलं जाईल.

कायक, म्हणजे प्रामाणिक कष्ट, आणि दासोह ही आपल्याकडे बसवेश्वरांपासूनची शिकवण. दासोहाची भाकरी घामाच्या पैशाची असते, म्हणून तिचा हिशेब चोख ठेवणं ही मला भक्तीच वाटते. होकार देण्याआधी मुलीने गेल्या तीन वर्षांचे ऑडिट अहवाल, ट्रस्टची घटना आणि इतिवृत्ताची वही मागावी. कागद आनंदाने पुढे ठेवले, तर तिने जरूर जावं. "आधी ये, मग बघू" असं उत्तर आलं, तर दासोहात वाढायला खुशाल जावं, पण बदल अर्जावर सही करू नये.