वाचकांचे प्रश्न : दहावीनंतर मानसशास्त्र

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयावरची आणि एकाच भागातली आहेत. खानापूर तालुक्यातील एक विद्यार्थिनी, बेळगाव शहरातील एक पालक आणि निपाणीजवळच्या एका हायस्कूलमधील शिक्षक यांनी शाळकरी वयात मानसशास्त्राकडे वळण्याविषयी विचारले आहे. पत्रे थोडक्यात देऊन उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी मराठी माध्यमात दहावीत शिकते. मला पुढे मानसशास्त्र घ्यायचे आहे, पण घरी म्हणतात की तो वेड्यांचा विषय आहे. मैत्रिणी म्हणतात, तो शिकलीस की समोरच्याच्या मनातले ओळखशील. पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, मराठी माध्यम नाही. मला इंग्रजी जेमतेम येते, कन्नड वाचता येते पण लिहिताना चुका होतात. मी काय करावे?
— एक विद्यार्थिनी, खानापूर तालुका

उत्तर : मैत्रिणींचे म्हणणे आधी बाजूला ठेवू. समोरच्याच्या मनातले ओळखण्याची विद्या कोणाजवळच नाही, त्यामुळे ती मानसशास्त्रात शिकवलीही जात नाही. माणसे कशाकडे लक्ष देतात, काय लक्षात ठेवतात, काय विसरतात, कशाला घाबरतात आणि कसे शिकतात, याविषयी आपण सगळेच काहीतरी गृहीत धरून चालतो. ते गृहीत खरे आहे का, हे मोजून पाहण्याचे हे शास्त्र आहे. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठात यासाठी प्रयोगशाळा उभारली, तेव्हापासून त्याला स्वतंत्र शास्त्र मानण्याची रीत पडली. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये आणि म्हैसूर विद्यापीठात १९२४ मध्ये मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. म्हणजे तू ज्या राज्यात शिकतेस तिथे हा विषय शंभर वर्षे जुना आहे, एवढे घरी नक्की सांग. मनोविकारांचा अभ्यास हा त्यातला एक भाग आहे, आणि ज्यांना घरात ‘वेडे’ म्हटले जाते ती माणसे आजारी असतात. मधुमेहाच्या रुग्णाला आपण नावे ठेवत नाही, तशी त्यांनाही ठेवू नयेत. हा शब्द मला फार लागतो, म्हणून इतके लिहिले.

विषय तुला आवडेल की नाही, हे कोणी सांगण्यापेक्षा तू स्वतः करून पाहा. जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकन संशोधकाने १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग घरी चार स्केचपेनांत होतो. एका कागदावर ‘लाल’, ‘हिरवा’, ‘निळा’, ‘पिवळा’ हे शब्द उलटसुलट क्रमाने वीस वेळा लिही, पण प्रत्येक शब्द त्याच्या अर्थाहून वेगळ्या रंगात असू दे. ‘लाल’ हिरव्या पेनाने, ‘निळा’ पिवळ्याने, असे. आता घरातल्या कोणालातरी शब्द न वाचता फक्त शाईचा रंग सांगायला लाव आणि मोबाइलवर वेळ घे. दुसऱ्या कागदावर त्याच रंगांचे नुसते ठिपके काढून त्यांचेही रंग सांगायला लाव. ठिपक्यांचे काम भराभर होते. शब्दांपाशी जीभ अडखळते, कारण वाचायची सवय इतकी मुरलेली असते की डोळा शब्दावर पडताच तो वाचला जातो, आपली इच्छा असो वा नसो.

इथपर्यंतचा प्रयोग पुण्या-मुंबईची मुलगीही करील. तुला त्यापुढची पायरी चढता येते. तिसऱ्या कागदावर तेच रंग कन्नड लिपीत लिही, केंपु, हसिरु, नीलि, हळदि, आणि शाईचा रंग मात्र मराठीतच सांगायला लाव. मराठी शाळेत शिकलेल्या तुझी मराठी शब्दांपाशी जास्त अडखळण होते का? कन्नड शाळेत जाणारा चुलत भाऊ असेल तर त्याचे उलटे होते का? ज्या लिपीचे वाचन अधिक सराईत, तिचा अडथळा अधिक, अशी अपेक्षा आहे. एक काळजी मात्र घे. सगळ्यांनी मराठी कागद आधी आणि कन्नड कागद नंतर केला, तर दुसऱ्या वेळी आलेला हातखंडा आणि भाषेचा परिणाम यांची गल्लत होईल. म्हणून निम्म्यांना कन्नड आधी दे. ही अक्कल आपोआप सुचली तर तू या विषयासाठी जन्मली आहेस असे मी म्हणेन, आणि सुचली नाही तरी काही बिघडत नाही, कारण ती शिकवण्यासाठीच हा विषय आहे.

आता माध्यमाचे. कर्नाटकात दहावीपर्यंत मानसशास्त्र हा वेगळा विषय नाही. समाजविज्ञानात इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र आणि व्यवसाय अध्ययन येते, पण मानसशास्त्र येत नाही. ते पीयूसीला ऐच्छिक विषय म्हणून घेता येते. लेखी परीक्षा ७० गुणांची आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचे असते, आणि कन्नड किंवा इंग्रजी यांपैकी एक माध्यम निवडावे लागते. सगळ्या कॉलेजांत हा विषय नसतो, म्हणून दहावीचा निकाल लागेपर्यंत थांबू नकोस. दोन-तीन कॉलेजांत जाऊन ‘मानसशास्त्र आहे का, कोणत्या विषयांबरोबर आहे, मराठी भाषा विषय ठेवता येतो का’ हे तिन्ही प्रश्न एकदमच विचारून घे. दुसरी वाट चंदगड, गडहिंग्लजकडे जाते. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला हा विषय मराठीतून शिकता येतो आणि त्याची पाठ्यपुस्तके बालभारतीने मराठीत काढलेली आहेत. पण तिकडेही विषय शिकवणारे कॉलेज आधी शोधावे लागेल, आणि २०२५-२६ पासून तिथले अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन पद्धतीने होतात, हे ध्यानात ठेव. रोजचा एसटीचा प्रवास पावसाळ्यात किती जमेल याचाही घरी बसून विचार कर.

माझे स्वतःचे मत असे आहे की येण्याजाण्याचे हाल होणार असतील तर तू इंग्रजी माध्यमातून पीयूसी करावेस आणि बालभारतीची मराठी पुस्तके शेजारी ठेवावीस; ती संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. इंग्रजीचा आग्रह एवढ्यासाठीच की बी.ए.च्या पुढची बहुतेक पुस्तके त्याच भाषेत आहेत. समजून घेण्यासाठी मात्र आपली भाषा सोडू नकोस. मी शिकवत असताना एका मुलीने ‘ऋण प्रबलन’ म्हणजे शिक्षा, असे इंग्रजी गाईडातून पाठ करून लिहिले होते. मी तिला विचारले, भातलावणीला पाठीवर पावसाच्या सरी बसतात तेव्हा बाई काय करते? ती म्हणाली, इरले नाहीतर खोळ घेते. मग पुन्हा आभाळ आले की? आधीच घेते. पाठीवरचा मारा थांबला, म्हणून इरले घेण्याची सवय पक्की झाली. नकोशी गोष्ट दूर झाल्याने एखादी कृती बळावते, तेच ऋण प्रबलन. शिक्षेने कृती कमी होते, इथे ती वाढली. त्यानंतर त्या मुलीने ही व्याख्या कधी चुकवली नाही.

एक वही कर आणि प्रत्येक संज्ञा तिन्ही भाषांत लिही. कन्नडची धास्ती यानेच कमी होईल, कारण अवधान आणि स्मृती हे शब्द दोन्हीकडे चालतात आणि आपले ‘व्यक्तिमत्त्व’ तिकडे ‘व्यक्तित्व’ होते.

प्रश्न : माझी मुलगी ‘मनाची डॉक्टर’ होणार म्हणते. तिने पीयूसीला कला शाखा घ्यावी की विज्ञान? आधी दूरशिक्षणाने पदवी घेऊन दुकानात मदत केली तर चालेल का?
— एक पालक, बेळगाव

उत्तर : ‘मनाची डॉक्टर’ म्हणताना मुलीला नेमके कोण व्हायचे आहे, हे आपण तिला आजच विचारावे, कारण वाटा दहावीनंतरच फुटतात. औषध लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ हा आधी एम.बी.बी.एस. डॉक्टर असतो. त्यासाठी पीयूसीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हवे, मग ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा, मग एम.बी.बी.एस. आणि त्यावर मनोविकारशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण. कला शाखेतून तिकडे जाता येत नाही. मानसशास्त्रज्ञ मात्र कला शाखेतून होता येते, बी.ए. आणि एम.ए. मानसशास्त्रात करावे लागते. त्यातही चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून रुग्णांवर काम करायचे असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम पूर्ण करून परिषदेकडे नोंदणी करावी लागते. नुसत्या एम.ए.वर तशी पाटी लावता येत नाही, आणि काही आठवड्यांच्या ‘समुपदेशक’ प्रमाणपत्रावर तर मुळीच नाही. अशा प्रमाणपत्रांवर पैसे घालवलेली मुले मी पाहिली आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहिते.

दूरशिक्षणाचा विचार आपण सोडावा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद करण्यास सांगितले आहे. वर्गात बसून शिकलेली पदवीच तिच्या उपयोगी पडेल. दहावीला विज्ञान आणि गणित तिला मनापासून आवडत असेल तर विज्ञान शाखा घेऊ द्यावी, कारण पुढे बी.ए.ला मानसशास्त्राकडे वळता येते, पण उलट येता येत नाही. आवडत नसेल तर केवळ दार उघडे राहावे म्हणून दोन वर्षे ओढाताण करू नये.

प्रश्न : मी नववी-दहावीला शिकवतो. मुलांना मानसशास्त्राची ओळख करून द्यावी असे वाटते. व्यक्तिमत्त्व चाचणी घेऊ का? वर्गात एक मुलगा अलीकडे कोणाशी बोलत नाही, त्याचाही विचार मनात आहे.
— एक शिक्षक, निपाणी परिसर

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य आधी घेते. त्या मुलाला प्रयोगात किंवा चाचणीत ओढू नका. मधल्या सुट्टीत, इतरांच्या डोळ्यांआड, ‘अलीकडे गप्प असतोस, झोप लागते का, जेवतोस का?’ एवढेच विचारा आणि तो बोलेल तितके ऐका. घरच्यांशी बोला. तो जगण्याला कंटाळल्यासारखे काही बोलला तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलि-मानस ही केंद्र सरकारची सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य चालते. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती सुरू झाली आणि तिथे मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येते. आपण शिक्षक म्हणूनही तिथे सल्ला विचारू शकता. धारवाडला मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था आहे, तीही फार दूर नाही.

व्यक्तिमत्त्व चाचणी घेऊ नका. तिचा अर्थ लावायला प्रशिक्षण लागते, आणि ‘तू अंतर्मुख’ असा शिक्का एकदा वर्गात बसला की तो दहावीनंतरही पुसत नाही. त्याऐवजी आपल्या मुलांच्या रोजच्या कामाचा प्रयोग घ्या. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासले तेव्हा मिटून लिहिणारे पुढे गेले. परीक्षेच्या आदल्या रात्री धडा दहादा वाचून ‘सगळे येते’ असे वाटणाऱ्या मुलांना ही गोष्ट समजणे फार मोलाचे आहे.

आपण विज्ञानातला न शिकवलेला एक परिच्छेद घ्या. पटावर सम क्रमांकाची मुले तो दोनदा वाचतील, विषम क्रमांकाची एकदा वाचून एकदा न बघता लिहितील. वेळ दोघांना सारखा द्या. आठवड्यानंतर, आधी न सांगता, दोन्ही गटांना आठवेल ते लिहू द्या आणि मुद्दे मोजा. भाग घ्यायचा नाही असे कोणी म्हटले तर त्याला मोजणीच्या कामाला घ्या, सक्ती करू नका. फळ्यावर फक्त दोन्ही गटांची सरासरी लिहा, आणि नावे असलेले कागद मुलांना त्याच दिवशी परत द्या.