माती परीक्षण केलेलं असताना द्राक्षाचं देठ परीक्षण वेगळं करायची गरज आहे का?

आहे. देठ परीक्षण म्हणजे पानाच्या देठात कुठलं अन्नद्रव्य किती आहे ते प्रयोगशाळेत बघणं. ‘मातीचा अहवाल हातात असताना देठाला पैसे कशाला’, हे तुम्ही विचारलंत तेच माझा चुलतभाऊ वर्षानुवर्षं ऐकवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या बागा नारायणगावजवळ, बांधाला बांध लागून. एका हंगामात मण्यांच्या फुगवणीच्या वेळी त्याच्या वेलींची बुडाची पानं पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. दुकानदाराने मोबाईलवर फोटो बघून फेरस, म्हणजे लोहाचं खत सांगितलं. (फोटोवरून औषध देणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.) मी म्हटलं, अरे, लोह कमी पडलं तर आधी शेंडा पिवळा होतो, हे मॅग्नेशियमचं दिसतंय. त्याने मातीचा कागद नाचवला, मॅग्नेशियम भरपूर!

शेवटी त्याच्या पिवळ्या आणि माझ्या हिरव्या वेलींचे, एकाच जागेच्या पानांचे देठ वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत भरून मीच प्रयोगशाळेत दिले. त्याच्या देठात पोटॅश चढलेलं, मॅग्नेशियम तळाला. मणी फुगावेत म्हणून ड्रिपमधून ०:०:५० या पोटॅशच्या खताचा मारा चालला होता ना! पोटॅश जास्त झालं की मुळं मॅग्नेशियम कमी उचलतात. मातीत आहे, पण वेलीला मिळत नाही, आणि हे मातीचा अहवाल सांगत नाही. पोटॅश थांबवून मॅग्नेशियम सल्फेट फवारल्यावर पिवळेपणा वर चढायचा थांबला.

एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ४५ दिवसांनी तळापासून पाचव्या पानाचा, ऑक्टोबर छाटणीनंतर पूर्ण फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा देठ घ्या. पातं लगेच काढून टाका. मँकोझेब हे बुरशीनाशक मारल्यावर लगेच नमुना काढू नका, त्यातलंच जस्त आणि मँगनीज अहवालात उतरतं. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे, तिथे चौकशी करा.

एक मात्र आहे, चुनखडीच्या जमिनीत लोहाच्या आकड्यावर विसंबू नका. पान पिवळं असूनही एकूण लोह पुरेसं दिसतं, कारण त्यातलं बरंचसं वेलीच्या कामाचं नसतं. आणि सामू (पीएच), चुना, क्षार बघायला माती परीक्षण लागतंच, ते सोडा असं मी म्हणत नाही.

भाऊ अजून म्हणतो, ढग गेले म्हणून बाग सुधारली. ढग काय फक्त त्याच्याच वाटणीवर आले होते?